वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी दुरुस्त करावी की बदलावी?

प्रश्न : माझ्याकडे ऑक्टोबर २०११ मध्ये सोलापुरातच घेतलेली १२०० सीसीची छोटी पेट्रोल गाडी आहे. आजवर ती ९८,००० किलोमीटर चालली असून कधी मोठा त्रास झाला नव्हता. एप्रिलमध्ये तुळजापूरला जाताना घाटात तापमानाचा काटा तांबड्या खुणेपर्यंत गेला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. हेड गॅस्केट गेले आहे, इंजिन पूर्ण खोलावे लागेल, असे सांगून गॅरेजवाल्यांनी ४८,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. क्लच प्लेटचे ९,००० आणि चार टायरचे १६,००० रुपये वेगळे. एक्स्चेंजमध्ये गाडीचे ८०,००० रुपये मिळतील, असे शोरूमवाले म्हणतात. ऐंशी हजारांच्या गाडीत त्र्याहत्तर हजार घालणे हा वेडेपणा आहे, असे पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाचे मत आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे. नवी गाडी घ्यायची तर ठेव मोडावी लागेल. महिन्याला माझे ३५० ते ४०० किलोमीटर होतात. त्यांतले बहुतेक शहरात, अधूनमधून अक्कलकोट किंवा पंढरपूर आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा पुणे. ऑक्टोबरनंतर पंधरा वर्षे पूर्ण झालेली गाडी रस्त्यावर आणताच येणार नाही, असे शेजारी सांगतात. काय करावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. त्यांतला शेजाऱ्यांचा प्रश्न सर्वांत सोपा असल्यामुळे तो आधी निकालात काढतो.

पंधरा वर्षांनंतर पेट्रोल गाडी आणि दहा वर्षांनंतर डिझेल गाडी रस्त्यावर आणू नये, हा निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाच्या व सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आला आणि तो दिल्ली व तिच्या लगतच्या राजधानी क्षेत्रापुरता होता. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि ती संपल्यावर आरटीओमध्ये गाडीची तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यासाठी मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करावा लागतो. म्हणजे आपल्याला ऑगस्टमध्ये कामाला लागावे लागेल. नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये असून त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते. ती अद्याप बसवली नसल्यास तपासणीच्या आधी बसवून घ्यावी.

याच संदर्भात सोलापूरकरांना सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. १ एप्रिल २०१० रोजी देशातील ज्या १३ शहरांमध्ये भारत स्टेज चार हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, त्यांत मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू यांच्या जोडीला सोलापूरही होते. उर्वरित देशात ते पूर्णपणे लागू व्हायला एप्रिल २०१७ उजाडला. त्यामुळे २०११ साली सोलापुरात नोंदवलेली आपली गाडी भारत स्टेज चारची असणार आणि तिच्या पीयूसी प्रमाणपत्राची मुदत सहा महिन्यांऐवजी एक वर्षाची असणार. आरसी बुकावर याची खात्री करून घ्यावी.

आता दुरुस्तीच्या अंदाजाविषयी. दुरुस्ती करावी की करू नये हे ठरवण्याआधी बिघाड नेमका कोणता आहे हे ठरायला हवे, आणि आपल्या पत्रावरून तो ठरलेला आहे असे मला वाटत नाही. गाडी तापली म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ठोकळा यांच्यामधले सील) गेलेच असे नाही. रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होत नसेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, वॉटर पंप गळत असेल किंवा रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग सैल झाली असेल, तरी घाटात एसी चालू असताना काटा वर जातो आणि यांतल्या कोणत्याही दुरुस्तीचा खर्च इंजिन खोलण्याच्या मानाने किरकोळ असतो. सोलापुरात आणखी एक कारण हमखास सापडते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, बोअरचे पाणी जड असते आणि रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसले की तेच बादलीभर ओतण्याची सवय गॅरेजवाल्यांपासून गाडीवाल्यांपर्यंत सर्वांना आहे. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये साचत जातात, पाण्याचा प्रवाह मंदावतो आणि हिवाळाभर न जाणवलेला हा दोष ४३-४४ अंशांच्या उन्हात उघड होतो. रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचेच मिश्रण असावे, कारण कूलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि आतला धातू गंजत नाही. हा सल्ला प्रत्येक उन्हाळ्यात देऊनही फारसा कोणी मानत नाही, ही गोष्ट निराळी.

हेड गॅस्केट खरोखरच गेले असेल, तर त्याच्या खुणा स्पष्ट असतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, तपकिरी साय धरते. इंजिन पूर्ण गरम झाल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते. कूलंटच्या टाकीत बुडबुडे उठतात आणि बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट कमी होत जाते. यांपैकी काय दिसते, हे मेकॅनिकला शांतपणे विचारावे. त्यानंतर कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट आणि चारही सिलिंडरची कंप्रेशन टेस्ट, म्हणजे आतल्या दाबाची तपासणी, करून घ्यावी. दोन्हींना मिळून तासा-दोन तासांहून अधिक वेळ लागत नाही आणि त्यांचे शुल्क आपल्या अंदाजपत्रकाच्या मानाने नगण्य असते. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले, तर बहुधा थंड करण्याच्या यंत्रणेतच दोष असतो. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे पडलेले दिसले, तर गॅस्केटचा संशय पक्का होतो.

गॅस्केट गेल्याचे सिद्ध झाले, तरी इंजिन पूर्ण खोलायचे कारण वेगळे विचारावे. हेड काढून ते लेथवर तपासायचे, वाकले असल्यास फेसिंग करायचे, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सपाट करायचा, आणि नवे गॅस्केट घालून बसवायचे, हे वरचे काम झाले. रिंग-पिस्टन, बेअरिंग, सिलिंडरचा बोअर हे खालचे काम, आणि इंजिन ऑइल खात असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल किंवा कंप्रेशन सर्वच सिलिंडरमध्ये कमी असेल, तेव्हाच त्याची गरज पडते. ९८,००० किलोमीटर चाललेल्या आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या पेट्रोल इंजिनाला खालचे काम लागणे मला तरी शंकास्पद वाटते. म्हणून ४८,००० च्या अंदाजाची वरचे काम, खालचे काम, सुटे भाग आणि मजुरी अशी फोड लेखी मागावी आणि दुसऱ्या एका गॅरेजचे मतही घ्यावे. गॅरेजवाले आपल्याला फसवत आहेत, असे मी सुचवत नाही. गाडी पुन्हा परत येऊ नये म्हणून एकदाच सगळे खोलून टाकावे, अशी त्यांच्यातल्या पुष्कळांची प्रामाणिक भूमिका असते; फक्त तिची किंमत आपण मोजतो. एक सूचना मात्र आजपासून पाळावी : निदान होईपर्यंत गाडी चालवू नये, कारण तापलेल्या अवस्थेत आणखी दोन-चार फेऱ्या झाल्या, तर आज वरच्या कामावर भागणारे इंजिन खरोखरच पूर्ण खोलावे लागेल.

समजा, निदान झाले आणि सर्वांत वाईट शक्यता, म्हणजे पूर्ण ७३,००० रुपयांचा खर्च, खरी ठरली. तरीही आपल्या चिरंजीवांचा युक्तिवाद मला मान्य नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहण्याची रीत सर्वत्र रूढ आहे आणि ती चुकीची आहे. गाडी विकायची असेल, तर बाजारभावाला अर्थ आहे. ती चालवायची असेल, तर पुढची चार-पाच वर्षे हिच्यावर दरवर्षी किती खर्च होईल आणि तेवढ्याच काळात नवीवर किती होईल, एवढीच तुलना खरी.

ती करून पाहू. साडेसहा लाख रुपये शोरूम किमतीची छोटी पेट्रोल गाडी घेतली असे धरले, तर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के कर एकरकमी भरावा लागतो, म्हणजे सुमारे ७१,५०० रुपये. विमा आणि इतर खर्च धरून गाडी रस्त्यावर यायला साडेसात लाखांच्या आसपास लागतील. विम्याच्या प्रचलित कोष्टकानुसार गाडीचे मूल्य चार वर्षांनंतर, पाचवे वर्ष भरेपर्यंत, निम्मे धरले जाते. त्या हिशेबाने पाच वर्षांत सव्वातीन लाखांची घट आणि करापोटी गेलेले ७१,५०० मिळून वर्षाला सुमारे ७९,००० रुपये होतात. एक्स्चेंजचे ८०,००० वजा जाता आपल्याला ठेवीतून सुमारे ६ लाख ७० हजार काढावे लागतील, आणि साडेसहा टक्के दराने त्यांवरचे बुडणारे व्याज वर्षाला सुमारे ४३,५०० रुपये होते. म्हणजे पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि दरवर्षीचा विमा बाजूला ठेवूनही नवी गाडी वर्षाला सव्वालाखाच्या घरात जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यामुळे किमती उतरल्या हे खरे. पण त्यामुळे हिशेबाची दिशा बदलत नाही.

जुन्या गाडीचे पाहा. दुरुस्ती, क्लच, टायर, नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि नंबरप्लेट असे सारे धरून ८२,००० रुपये आज घातले आणि गाडी चार वर्षे वापरली, तर वर्षाला साडेवीस हजार. आज मिळणारे ८०,००० चार वर्षांनी वीस-पंचवीस हजारांवर येतील, म्हणून वर्षाला आणखी पंधरा हजार. अचानक उद्भवणाऱ्या कामांसाठी दरवर्षी पंधरा हजार बाजूला ठेवले, तरी बेरीज पन्नास हजारांच्या थोडी पुढे जाते. माझ्या अंदाजात कोठे पाच-दहा हजारांची चूक असेलही, पण सव्वालाख आणि पन्नास हजार यांच्यातले अंतर तेवढ्याने भरून निघत नाही.

खरे तर हा हिशेब जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीच्या बाजूनेच लागतो. म्हणूनच पैसे वाचवण्यासाठी नवी गाडी घेतो असे कोणी म्हणाले, तर माझा त्यावर विश्वास बसत नाही. नवी गाडी घेण्याची कारणे वेगळी असतात आणि त्यांतले सर्वांत वजनदार कारण सुरक्षिततेचे आहे. एबीएस (जोरात दाबले तरी चाके जाम होऊ न देणारे) ब्रेक सर्व नव्या गाड्यांना बंधनकारक झाले ते एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. २०११ च्या छोट्या गाड्यांच्या साध्या मॉडेलमध्ये यांतले काहीच नसे, आणि कितीही खर्च केला, तरी गॅरेजमध्ये ते बसवून मिळत नाही. सात रस्ता चौकातून जुळे सोलापूरला किंवा अक्कलकोटला बेताच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत ही उणीव सोसता येते. पुणे महामार्गावर मालमोटारींच्या रांगांमधून ताशी ९० किलोमीटरने अडीचशे किलोमीटर जाणे मात्र निराळे. आपल्या चिरंजीवांना खरे तर या मुद्द्यावर आग्रह धरता आला असता.

आपल्या वापराचे स्वरूप पाहता माझा सल्ला असा आहे : निदान करून घ्यावे, वरच्या कामावर भागत असेल, तर निःशंकपणे दुरुस्ती करावी, पूर्ण काम लागले, तरी करावी, आणि पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसने किंवा वंदे भारतने जावे. नातवंडांना घेऊन दर महिन्याला पुण्याला गाडीनेच जाणे भाग असेल, तर मात्र हा सल्ला उलटा वाचावा. दुरुस्ती वरची असो वा पूर्ण, टायर बदलावे लागतील, पण त्यापूर्वी त्यांच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का पाहावा. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. नवे टायर म्हणून दोन वर्षे गोदामात पडून राहिलेले गळ्यात मारले जाऊ नयेत.

दुरुस्तीचा निर्णय पक्का करण्यापूर्वी गाडी रॅम्पवर चढवून खालून एकदा नीट पाहून घ्यावी. चॅसिसच्या पट्ट्या, जमिनीचा पत्रा, पुढच्या शॉकअबच्या वरच्या बैठका आणि दारांच्या खालच्या कडा गंजलेल्या असतील, तर वर लिहिलेले सारे रद्द समजावे. इंजिन नवे होते, सांगाडा होत नाही. आपली गाडी मात्र जन्मापासून सोलापुरात आहे, आणि येथील कोरडी हवा बॅटरीचा व रबरी नळ्यांचा जीव घेत असली, तरी पत्र्याला मानवते. कोकणातून किंवा मुंबईतून आणलेल्या याच वयाच्या गाड्यांबाबत मी एवढ्या निश्चिंतपणे लिहिले नसते.

जाता जाता : घाटात तापलेल्या गाडीला ८०,००० रुपये देऊ करणारा शोरूमवाला दानशूर नसतो. एक्स्चेंजशिवाय रोखीने घेतल्यास नव्या गाडीवर किती सूट मिळेल, असे विचारून पाहिल्यास त्या रकमेचा उगम कळतो.

प्रश्न : माझी २०१६ ची पेट्रोल गाडी उत्तम चालते. परंतु पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलेच पेट्रोल मिळते आणि माझी गाडी त्यासाठी बनवलेली नाही. ॲव्हरेज कमी झाले आहे. इंजिन खराब होण्याआधीच गाडी काढून टाकावी का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : काढून टाकू नये. ज्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या चिमण्या आणि आसवन्या जागोजागी दिसतात, तेथे इथेनॉलची एवढी धास्ती असावी याची थोडी गंमत वाटते. पण आपली शंका निराधार नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के मिश्रणाची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. आधी आपण १० टक्क्यांचे मिश्रण वापरतच होता, म्हणून प्रत्यक्षात जाणवणारा फरक तीन-चार टक्क्यांच्या आसपास असायला हवा. लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी साडेपंधरावर आली, तर ते इथेनॉलमुळे. तेरावर आली असेल, तर एअर फिल्टर, स्पार्क प्लग, टायरमधील हवा आणि चिकटणारे ब्रेक तपासावेत, कारण त्या घसरणीचा दोष इथेनॉलवर ढकलून खरा बिघाड लपून राहतो.

एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांमधील इंधनाच्या रबरी नळ्या, सील आणि गॅस्केट या मिश्रणासाठी बनवलेली नाहीत. ती हळूहळू फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी त्या नळ्या हाताने दाबून पाहण्यास सांगावे, पेट्रोलचा वास येऊ लागल्यास लगेच बदलाव्यात आणि बदलताना या मिश्रणाला टिकणारे भाग मागावेत. हा खर्च काही हजारांत भागतो. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेत असल्यामुळे गाडी आठवडेच्या आठवडे अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. एवढ्या कारणासाठी दहा वर्षांची धडधाकट गाडी विकणे म्हणजे नव्या गाडीच्या घसाऱ्यावर लाखभर रुपये घालून पेट्रोलचे काही हजार वाचवणे होय.

प्रश्न : आमच्या कारखान्यात २००५ ची डिझेल युटिलिटी गाडी आहे. ती खासगी नोंदणीची आहे. मागच्या बाजूला चॅसिसला तडा गेला असून वेल्डिंगवाला पट्टी मारून देतो म्हणतो. नोंदणीची मुदत संपली आहे. पट्टी मारून पुन्हा पासिंग करून घ्यावे काय?
— एक यंत्रमागधारक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : नाही. चॅसिसला गेलेला तडा पट्टीने झाकला जातो, सांधला जात नाही. ओझे घेऊन चालणाऱ्या गाडीत तो पट्टीच्या शेजारून पुन्हा उमटतो. वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण शुल्कही आता १०,००० रुपये झाले आहे. एवढे भरून तपासणीत गाडी नापास होण्याचीच शक्यता अधिक आहे.

गाडी ओळखीच्या भंगारवाल्याला तशीच देऊन मोकळे होऊ नये. नोंदणी रद्द झाली नाही, तर कागदोपत्री मालक आपणच राहता आणि तिचे इंजिन किंवा नंबर उद्या कोठेही वापरला गेला, तर चौकशी आपल्या दारी येते. शासनमान्य वाहन स्क्रॅपिंग केंद्रातच गाडी द्यावी. तेथे मिळणारे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र) जपून ठेवावे, कारण त्याच्या आधारे नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि मोटार वाहन करातही सवलत मिळते. गाडीवर जुने कर्ज दाखवले असेल, तर बँकेचा बोजा आधी आरसीवरून उतरवून घ्यावा आणि थकीत ई-चलन भरून टाकावे; ही कामे राहिली, तर केंद्र गाडी स्वीकारत नाही किंवा प्रमाणपत्र अडकून पडते.